जड लाकडाचा पिंजरा

२ सप्टेंबर

डॉक्टरांनी टेबलावरची पाण्याची बाटली उचलून ह्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, "ह्यापेक्षा जड काही यापुढे उचलायचं नाही. वाकायचंही नाही. सपाटीवर चाला, तेवढं बास." हे बाटली हातात धरून बसले ते बसलेच. शेवटी मीच ती काढून घेतली.

कमरेतली चकती सरकून नस दाबली गेली आहे. आणखी दाबली तर डावा पाय कामातून जाईल, हे डॉक्टरांनी माझ्याकडे बघून सांगितलं. आमच्या घरात कुणाचं चालतं ते त्यांनी लगेच ओळखलं असणार.

पण वखार कशी चालायची? सरपणाचा धंदा म्हणजे वजनाचा धंदा. ओंडके फोडायचं यंत्र मी चालवीन. सुकलेली लाकडं जाळीच्या पिंजऱ्यात रचणं, तेही करीन, एकेक तर उचलायचं असतं. पण भरलेला पिंजरा छातीएवढा उंच होतो, तो टेम्पोत चढवायला आमच्याकडे काहीच नाही. म्हणून रिकामा पिंजरा टेम्पोत ठेवायचा आणि हे खालून लाकूड लाकूड वर देत तो भरायचे. लग्नाआधीपासून तेच चाललंय. मी पायरीवर उभी राहून "जरा हात उचला" म्हणायचे.

परत येताना मी म्हटलं, "आपण छोटा ट्रॅक्टर घेऊ. पुढे लोडर असलेला. पिंजऱ्याखाली काटे घालायचे, उचलायचा आणि थेट टेम्पोत."

"चालवणार कोण?"

"मी. नाहीतर काय शेजारीण?"

हे हसले. दवाखान्यात गेल्यापासून पहिल्यांदाच.

९ सप्टेंबर

आठवडाभर माहितीपत्रकं वाचतेय. जो तो इंजिनाची ताकद मोठ्या अक्षरांत छापतो. आपल्याला त्याचं काय? आपल्याला बघायचं ते लोडर किती उचलतो आणि किती उंच. त्यातही गोम आहे. छापलेला आकडा असतो तो लोडरचे हात जिथे संपतात तिथला. आपला पिंजरा बसणार त्याच्याही पुढे, काट्यांवर. तिथे आकडा घसरतो. भरलेली बादली अंगाशी धरली तर उचलते, हात लांब करून धरली की खांदा निखळतो, तसंच.

दोन ट्रॅक्टर निवडले आहेत. एक थोरला, एक धाकटा. म्हणजे मी त्यांना तसं म्हणते. हे म्हणाले, "थोरलाच घेऊ. बेकरीचा पिंजरा जड लाकडाचा असतो."

बरोबरच आहे. घरगुती शेगड्यांना आपण हलकं लाकूड देतो, पटकन पेटतं. बेकरीवाल्याला मात्र जड, निब्बर लाकूड लागतं, रात्रभर धग धरणारं. दर आठवड्याला एक पिंजरा, आणि त्याच्यावरच आपली वखार उभी आहे. थोरला, असं ठरलं. पुढच्या आठवड्यात चालवून बघायला बोलावलंय.

१७ सप्टेंबर

लिहू की नको करत दोनदा दिवा मालवला. लिहितेच. कुठेतरी सांगायलाच हवं, नाहीतर पोटात दुखेल.

शोरूमच्या मागच्या आवारात थोरला उभा होता. विक्रेता टाय लावून, केस चापून. मी त्याला मनातल्या मनात टायवाला म्हणते. त्याने काट्यांवर सिमेंटचा एक ठोकळा ठेवला, मला वर बसवलं, दांडे दाखवले. हा उचलायचा, हा तिरका करायचा. हे बाजूला उभे राहून म्हणाले, "मागे काही वजन लावत नाहीत का हो?" मी म्हटलं, "तुम्ही मध्ये बोलू नका, मला समजून घेऊ द्या." टायवाला म्हणाला, "काही गरज नाही मॅडम, नुसतं बघायचंय."

सुरुवातीला छान चाललं. मला इतकं मोकळं वाटलं की ठोकळा वर, आणखी वर नेला. आणि तसंच उतारावर वळवलं. एकदम मागून कुणीतरी उचलून धरल्यासारखं झालं. मागची चाकं जमिनीवर नव्हती. समोर फक्त जमीन दिसत होती. मी किंचाळले, दांडा सोडला, ठोकळा खाली आपटला आणि ट्रॅक्टर धाडकन मागे बसला.

आणि मला बसल्या जागी लघवी झाली. लिहिलं एकदाचं.

टायवाला धावत आला. दोन मेकॅनिकही आले. "उतरा मॅडम, उतरा, काही झालं नाही." उतरू कशी? मेल्याहून मेल्यासारखं झालं. पन्नाशी उलटलेली बाई, पुरुषांच्या घोळक्यात, सीटला चिकटून बसलेली.

तेवढ्यात हे टेबलावरचा पाण्याचा जग घेऊन आले. "पाणी घे" म्हणाले आणि अख्खा जग माझ्या मांडीवर सांडला. माझे कपडे, सीट, सगळं चिंब. माझा पाराच चढला. "साधं पाणी देता येत नाही तुम्हाला? हातात जीव आहे की नाही?" मेकॅनिक हसले. हे "चुकलं, चुकलं" म्हणत जग हातात घेऊन उभे.

पण देवाची कृपा म्हणायची. ह्यांचा धांदरटपणा आयुष्यात एकदा तरी कामी आला. कुणाला काही कळलं नाही. मी तोऱ्यात उतरले आणि घरी येईपर्यंत ह्यांच्याशी बोलले नाही.

१८ सप्टेंबर

सकाळी फाटकाची रुंदी मोजली. थोरला जातो, दोन्ही बाजूंना वीतभर जागा राहते. पण वीतभर म्हणजे काय जागा आहे? घासलंच एखाद्या दिवशी तर?

मग पिंजऱ्याचं वजन करायला वजनकाट्यावर गेले. टेम्पोवाल्याने आणि मी जो टेम्पोत भरला होता तोच नेला, हलक्या लाकडाचा. धाकट्याला तो आरामात झेपेल. म्हणजे धाकटा चालेल. कागदावर सगळं बसतंय.

जड लाकूड शेजारीच पडलं होतं. ते भरून नेलं नाही. परत एक खेप झाली असती.

२४ सप्टेंबर

धाकटा ठरवून आले. टायवाल्याला फाटकाचं कारण सांगितलं. तो म्हणाला, "मॅडमनी विचार केलाय बरोबर." मला बरं वाटलं, हे खोटं कशाला बोलू.

हे तेवढ्यात म्हणाले, "जड लाकडाचा पण एकदा काटा करून बघितला असता…"

"अभ्यास कुणी केला, तुम्ही की मी? माहितीपत्रक उघडून तरी बघितलंत? आयुष्यभर हमाली केली म्हणून यंत्रातलं कळत नाही."

हे वाक्य मी टायवाल्यासमोर बोलले. तो आपली पेनं नीट लावायला लागला. ह्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "बरं. तुला जो चालवायला सोपा, तो घे." सही करताना माझा हात भरभर चालला. नाचता येईना अंगण वाकडं, असं मीच लोकांना म्हणत असते. आता माझं फाटक अरुंद आहे.

६ ऑक्टोबर

धाकटा आला. खेळण्यातला वाटतो, पण देखणा आहे. वन्संचा, म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहिणीचा, फोन आला. "माझ्या भावाची कंबर वाचवलीस गं बाई." मी म्हटलं, "वाचवायलाच हवी, त्या कमरेवर माझं घर आहे." खूप हसल्या. मीही हसले, जरा जास्तच.

१४ ऑक्टोबर

आज ट्रॅक्टरने बेकरीचा पहिला पिंजरा. जड लाकूड मी स्वतः काल दुपारी रचलं होतं, ठासून.  डोळे मिटून दांडा ओढला म्हटलं तरी चालेल. आणि पिंजरा उचलला गेला! जरासा कुरकुरला धाकटा, पण उचलला. टेम्पोत अलगद ठेवला.

मी ह्यांच्याकडे वळून म्हटलं, "बघितलंत? उगाच भ्यायला होतात." हे म्हणाले, "खरंच गं. मानलं तुला." टेम्पोवाला तोंड फिरवून खोकला. सर्दी झालीय त्याला वाटतं.

ह्यांनी मला लगेच ट्रॅक्टर मागच्या शेडमध्ये लावायला पाठवलं. इंजिन गरम असताना उन्हात ठेवू नये म्हणे. ताडपत्री आम्ही बांधतो, तू जा. आता यंत्रातलं कळायला लागलंय तर ह्यांना!

३ नोव्हेंबर

बरेच दिवस लिहिलं नाही, सगळं सुरळीत आहे. दर आठवड्याला बेकरीचा पिंजरा उचलते आणि दर वेळी उतरताना वाटतं, कुणीतरी टाळ्या वाजवाव्यात. हे वाजवतातही कधीकधी.

ह्यांना चालण्याचं वेड लागलंय. डॉक्टरांनी सांगितलेलं इतकं मनावर घेतील असं वाटलं नव्हतं. बेकरीच्या दिवशी तर उजाडायच्या आत वखारीत फेऱ्या मारायला जातात. थंडीत घामाघूम होऊन येतात. स्वेटरच्या बाह्यांत सालपटं अडकलेली असतात. मी म्हटलं, "चालता की लाकडांत लोळता?" म्हणाले, "टेकतो मधून मधून."

एक तक्रार आहे. नळामागे जड लाकडांचा ढीग पडलेला असतो, ताडपत्रीखाली. कधी असतो, कधी नसतो. विचारलं तर म्हणे टेम्पोवाल्याने बाजूला काढून ठेवलीत. कशाला? नीट सांगत नाहीत. घरात बसून माणसाला असले नसते उद्योग सुचतात.

२२ नोव्हेंबर

ह्यांच्या डाव्या पायातली चप्पल सारखी निसटते. आज स्वयंपाकघरातून अंगणात जाताना दोनदा मागे राहिली. मी म्हटलं, "साठीच्या घरात आलात, चप्पल घालायची अक्कल कधी येणार?" हे म्हणाले, "सैल झालीय." नवी आणली. तीही निसटते. पाय आहे की साबण!

९ डिसेंबर

आज जे झालं त्यानंतर बाजारात तोंड दाखवायची सोय राहिली नाही.

बेकरीवाला स्वतः आला. टेम्पोतून पिंजरा परत घेऊन. माणूस भला आहे, आवाजही चढवला नाही. "वहिनी, जरा बघता का?" म्हणाला आणि वरचा थर बाजूला केला. आत पोकळ! चारी बाजूंनी लाकडं उभी रचलेली, वर झाकण घातल्यासारखा थर, आणि मध्ये कोंबड्यांचं खुराडं मावेल एवढी मोकळी जागा.

हा पिंजरा मी ठासून भरला होता. ह्याच हातांनी.

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांचा चेहरा पांढरा पडलेला. इतकी वर्षं संसार केल्यावर नवऱ्याचा अपराधी चेहरा ओळखू येतोच. काल नेहमीचा टेम्पोवाला नव्हता, त्याचा मेहुणा आला होता, घाईत निघून गेला होता. हे त्याच्यामागे हात हलवत "थांब, थांब" करत फाटकापर्यंत गेले होते. सगळं डोळ्यांसमोर आलं. नळामागचा ढीग, पहाटेच्या फेऱ्या. मी दोन अधिक दोन केले. उत्तर समोरच होतं.

"लाकडं चोरता तुम्ही? आपल्याच वखारीत? कुणाला विकता? मला फसवलंत ते फसवलंत, इतक्या वर्षांच्या गिऱ्हाइकाला फसवलंत? चोर आहात तुम्ही!"

बेकरीवाला म्हणाला, "वहिनी, अहो, असेल काहीतरी, मोजताना…" मी त्यालाही बोलू दिलं नाही.  हे खाली बघत म्हणाले, "चूक माझीच आहे. भरून देतो." एवढंच. 

आज मी दुसऱ्या खोलीत निजणार आहे.

१० डिसेंबर

सकाळी तणतणतच वखारीत गेले. पोकळ पिंजरा स्वतः भरायला घेतला. बेकरीवाल्याला ठासून भरलेला पिंजरा नेऊन द्यायचा आणि सांगायचं की आमच्यात एक तरी माणूस सचोटीचं आहे. नळामागच्या ढिगातली लाकडं आणली. जेवढी जागा होती बरोब्बर तेवढीच निघाली. एकही उरलं नाही, एकही कमी पडलं नाही.  विकली म्हणत होते ना मी?

ट्रॅक्टर आणला. काटे खाली घातले. दांडा ओढला.

इंजिन ओरडलं. पिंजरा हलला नाही. पुन्हा ओढला. पिंजरा जमिनीलाच आणि माझ्या मागची चाकं सुटल्यासारखी हलकी झाली. खाली उतरले, बघितलं, काही अडकलंय का. काही अडकलेलं नव्हतं. मग मधली लाकडं बाहेर काढली, हाताने, वाकून, आत ओणवी होऊन. माझीच कंबर भरून आली. पुन्हा दांडा ओढला. उचलला.

मी तिथेच पिंजऱ्याला टेकून बसले. दर आठवड्याला. अंधारात, वाकून, पिंजऱ्यात अर्धं अंग घालून मधली लाकडं काढायची. वरचा थर पुन्हा तसाच रचायचा, मला कळू नये म्हणून. मी पराक्रम करून ट्रॅक्टर लावायला गेले की तीच लाकडं टेम्पोत वर द्यायची. आधी हे पिंजरा एकदा भरायचे. मी ट्रॅक्टर आणल्यापासून काढतही होते आणि भरतही होते. पाण्याच्या बाटलीपेक्षा जड उचलू नका म्हटलेला माणूस!

आणि मी त्याला चोर म्हटलं. त्याच्या तोंडावर, परक्या माणसासमोर.

घरात आले तेव्हा हे खुर्चीवर बसून चप्पल घालायचा प्रयत्न करत होते. मी बघितलं. पहिल्यांदा नीट बघितलं. डावं पाऊल वर येतच नव्हतं. लोंबत होतं. हे हाताने पाऊल धरून चपलेत सरकवत होते.

"कधीपासून?" मी विचारलं.

"होतंय थोडे दिवस. मुंग्या येतात. जाईल."

मी खाली बसून ती चप्पल काढून घेतली.  हे म्हणाले, "अगं, रडतेस काय? पिंजरा भरतो म्हटलं ना मी."

१५ डिसेंबर

ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून विचारलं, "मी उचलू नका म्हणालो होतो ना? घरात कुणी लक्ष दिलं नाही का?" मी "नाही" म्हटलं. दुसरं काय सांगणार? पाऊल परत वर येईल का, विचारलं. म्हणाले, नस फार दिवस दाबली गेली होती. येईल, नाहीतर थोडंसंच येईल, नाहीतर येणारही नाही. वाट बघायची.

वन्सं आल्या होत्या. "ट्रॅक्टर घेतला ना गं? मग झालं कसं असं?" हे पलंगावरून म्हणाले, "पाय घसरला, ताई." मी भिंतीकडे बघत उभी राहिले. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी मूठ झाकायला हा माणूस आडवा पडल्या पडल्याही हात पुढे करतो.

वन्सं गेल्यावर म्हटलं, "अहो, एक शब्द बोलला असतात तर? उचलत नाही हा, एवढंच."

आधी अंगावरची चादर सरळ केली. मग म्हणाले, "ट्रॅक्टरवरून उतरताना तू इतकी खूश असायचीस." आणि थोड्या वेळाने, "शिवाय बोललो असतो तर तुला परत त्या थोरल्यावर बसावं लागलं असतं."

"मग? त्यात काय होतं?"

"काही नाही," म्हणाले आणि डोळे मिटले.

ह्यांना कसं वाटलं की मला थोरल्याची धास्ती आहे, कोण जाणे. मी तर सगळ्यांना फाटकाचंच कारण सांगितलं होतं.

१९ डिसेंबर

बेकरीत गेले. दुकान रिकामं होईपर्यंत थांबणार होते, पण सकाळी ते रिकामं होत नाही. पावासाठी पाचसहा माणसं उभी होती. बाहेर उभी राहून काचेत स्वतःचं तोंड बघत बसले. मग वाटलं, चोर म्हणताना माझा आवाज रस्त्यापर्यंत गेला होता. हे सांगायला कोपरा कशाला हवा?

आत गेले आणि म्हटलं, "दादा, त्या पिंजऱ्याबद्दल सांगायचंय. माझ्या मालकांनी तुमचं एकही लाकूड घेतलेलं नाही. ट्रॅक्टर मी निवडला, तो लहान पडला. मोठा चालवायची मला भीती वाटली म्हणून मी लहान घेतला आणि सगळ्यांना भलतंच कारण सांगितलं. जड पिंजरा उचलत नव्हता. माझं हसं होऊ नये म्हणून हे मधली लाकडं काढायचे आणि टेम्पोत परत भरायचे. त्या दिवशी भरायची राहून गेली. आता ते दवाखान्यात आहेत."

एका दमात बोलले. रांगेतली एक बाई माझ्याकडे बघत होती, तिने पटकन पिशवीत डोकं घातलं.

बेकरीवाल्याने हाताचं पीठ पुसलं. "वहिनी, तुमच्या मालकांनी मला कधी एक लाकूड कमी दिलं नाही, झालं तर एखादं जास्तच. मला तेव्हाच वाटलं होतं, काहीतरी घोटाळा आहे. म्हणून तर पिंजरा घेऊन आलो, नुसतं विचारायला." मग हळूच म्हणाला, "चोर मी म्हणालो नव्हतो हां. ते तुम्ही म्हणालात."

त्याला टोचायचं नव्हतं, आपली बाजू साफ करायची होती. पण परतीच्या रस्त्यावर दर पावलाला तेच ऐकू येत होतं. ते तुम्ही म्हणालात.

ह्यांना सांगितलं, बेकरीत जाऊन आले, सगळं सांगितलं. हे उठूनच बसायला निघाले. "सगळं? कशाला? लोक काय म्हणतील तुला?" मी म्हटलं, "जे म्हणायचं ते म्हणू देत. तुम्ही आडवे व्हा."

११ जानेवारी

घरी आणलंय. पायाला प्लॅस्टिकची पट्टी, हातात काठी. अंगठा हलतो. रोज संध्याकाळी मी समोर बसते आणि हे अंगठा हलवून दाखवतात, शाळेत पाढे म्हणून दाखवल्यासारखे. बाकीचं पाऊल अजून ऐकत नाही.

बेकरीला अर्धे अर्धे दोन पिंजरे पाठवते. बेकरीवाला दोन्ही उतरवून घेतो.

टायवाल्याला फोन केला. धाकटा परत घेतील, थोडा तोटा सोसावा लागेल. थोरला आवारात उभाच आहे म्हणे. "चालवून बघायची गरज नाही ना मॅडम? आपण आधी बघितलाय."

मी म्हटलं, "आहे गरज. आणि ठोकळा नको, पिंजरा आम्ही आणतो."

१० फेब्रुवारी

जड लाकडाचा पिंजरा टेम्पोत घालून नेला. टेम्पोत तो उभा करून मग भरला, मी आणि टेम्पोवाल्याने. हे काठी टेकत "मध्ये जागा राहिली, मध्ये राहिली" म्हणून बोट दाखवत होते. ठासून भरला.

थोरला तिथेच उभा होता. त्याच्या मागे एक भलामोठा लोखंडी ठोकळा जोडलेला. मी विचारलं, हे काय? टायवाला म्हणाला, "मागचं वजन मॅडम. पुढे लोड असला की लावायलाच लागतं. मागच्या वेळी घाईत राहून गेलं होतं."

क्षणभर त्याचा टाय धरावासा वाटला. लगेच मनात आलं, म्हणजे माझी चूक नव्हतीच! ह्याच्यामुळे झालं सगळं! इतकं हलकं वाटलं की विचारू नका. पण ते फार वेळ टिकलं नाही. चाकं ह्याच्यामुळे उचलली गेली. वजन लावा म्हणणाऱ्या माणसाला गप्प मी केलं. हलका पिंजरा काट्यावर मी नेला. चोरही मीच म्हणाले.

मी वर चढले. सीटवर बसताच तळहात ओले झाले. खाली हे टायवाल्याला काहीतरी सांगत होते. त्याने एक खुर्ची उचलली आणि आवाराच्या फाटकाशी नेऊन ठेवली. हे लंगडत गेले आणि तिच्यावर बसले. रस्त्याकडे तोंड करून, माझ्याकडे पाठ.

"तिकडे कुठे बसलात?" मी ओरडले.

"टेम्पोची वाट बघतो," मागे न वळता म्हणाले.

टेम्पो माझ्या समोर उभा होता. पिंजऱ्यासकट.

म्हणजे ह्यांना माहीत होतं. सगळं, त्या पाण्याच्या जगापासून. माझं तोंड गरम झालं, कानशिलं गरम झाली, लहान पोरीसारखं पळून जावंसं वाटलं. आणि तो पाठमोरा माणूस पाय लांब करून मुद्दाम रस्ता बघत होता, मला पुन्हा काही झालंच तर त्याने बघितलेलं नसावं म्हणून.

काटे पिंजऱ्याखाली गेले. दांड्यावर हात ठेवला. टायवाला म्हणाला, "घाबरू नका मॅडम." मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

"अहो!" मी ओरडले. "रस्त्यावर काय आहे? इकडे बघा."

"बघू?"

"बघा. घाबरलेय मी. पाय लटपटतायत, बघा."

मेकॅनिक हातातलं काम टाकून बघायला लागले. टेम्पोवालाही. हे उठले. काठी काखेत धरून दोन्ही हातांनी खुर्ची फिरवली, माझ्याकडे तोंड करून बसले आणि काठी मांडीवर आडवी ठेवली.

मी दांडा ओढला.